दुकान नव्या सीआरएमवर नेताय? आधी गावातले सगळे पाटील वेगळे करा

आमचं ड्रिप, पीव्हीसी पाइप आणि मोटरचं दुकान आहे, एक काउंटर सावद्याला आणि एक चोपड्याला. रावेर-यावलकडचे केळीवाले आणि चोपड्याकडचे कापूसवाले असं मिळून साधारण ४,३०० गिऱ्हाइकं खात्यावर, सहा सेल्समन. मागच्या पावसाळ्यात आम्ही जुनं सीआरएम सोडून नवीनवर गेलो. विकणारा म्हणाला दोन दिवसात होऊन जातं भाऊ, आम्हाला सात आठवडे लागले, आणि त्यातले पाच आठवडे तर नवीन सॉफ्टवेअर उघडलंपण नव्हतं, नुसतं एक्सेल आणि शेजारी आबा. आबा म्हणजे आमच्या काउंटरवर २२ वर्षं बसलेला माणूस, ज्याला गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याचं गाव, विहीर, मोटर किती एचपीची आणि बाकी किती हे सगळं पाठ असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव-नंबर, कोणी काय विचारलं, कोटेशन कधी दिलं, परत फोन कधी करायचा हे सगळं एका जागी ठेवायचं सॉफ्टवेअर. टॅलीत पैशाचा हिशोब असतो, इथं माणसाचा. तुमचं दुकान कशाचंही असू द्या, सोनं, चटई, डाळ मिल, ट्रॅक्टर, बहुतेक पायऱ्या याच राहतील.

१. कधी करायचं ते आधी ठरवा

हे पहिलं लिहितोय कारण यातच बरेच जण फसतात. आमच्या धंद्यात आखाजीपासून (अक्षय तृतीया) जून संपेपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसतो, पूर्वहंगामी कपाशीवाले मे महिन्यातच लेटरल (ठिबकच्या नळ्या) मागायला येतात आणि मृग बागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी लागते तेव्हा तर रात्री नऊपर्यंत गाडी भरणं चालू असतं. त्यावेळी सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे भरल्या बैलगाडीचं चाक बदलणं. आम्ही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली आणि ऑगस्टअखेर संपवलं, पाऊस जोरात असतो तेव्हा ड्रिपला गिऱ्हाईक कमी.

पण तारीख टाकताना एक चूक झालीच. नवीन सॉफ्टवेअर चालू करायचा दिवस म्हणून मी सोमवार धरला, आणि तो निघाला कानबाईचा सोमवार. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जन, सहापैकी चार सेल्समन गावाला, उरलेले दोघं दुपारनंतर. शेवटी पुढच्या मंगळवारवर ढकललं. तुम्ही कॅलेंडर घेऊन बसा, सण, मार्चएन्ड, जीएसटी रिटर्नची तारीख, गावचा आठवडे बाजार, सगळं बघून मगच दिवस पक्का करा.

२. नवीन सॉफ्टवेअर निवडताना चार प्रश्न

यावर मी जास्त लिहित नाही, कारण प्रत्येकाची गरज वेगळी. झोहो सीआरएम आहे, छोट्या दुकानासाठी त्यांचंच बिगिन आहे, फ्रेशसेल्स, हबस्पॉट, सेल्सफोर्स आहे, आणि स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं असेल तर सुइटसीआरएमसारखी ओपन सोर्सवाली. डेमो बघताना हे चार विचाराच:

एक, गिऱ्हाईक कशावरून ओळखतं? हबस्पॉट मुळात ईमेलवरून डुप्लिकेट पकडतं. शहरातल्या कंपनीला ते ठीक, आमच्या ४,३०० मध्ये ईमेल असलेले शंभरसुद्धा नव्हते. आपल्याला मोबाइल नंबरवर पकडणारं पाहिजे.

दोन, नेट नसताना मोबाइल ॲप चालतं का? पाल गावाकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात गेलं की रेंज जाते. ॲप ऑफलाइन नोंद घेऊन नंतर वर चढवतं का हे डेमो देणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका, स्वतःचा फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघा.

तीन, माझा डेटा मला परत किती सहज मिळेल? घेताना हे कोणी विचारत नाही. निघताना कळतं.

चार, पूर्ण खर्च. भाव प्रत्येक युजरला महिन्याला असतो, वर वार्षिक पैसे आधी भरायचे असतात, १८ टक्के जीएसटी वेगळा, एसएमएस वेगळे, जागा संपली की तीपण वेगळी.

३. कागदं आणि सामान गोळा करा

सुरू करायच्या आधी हे सगळं टेबलावर पाहिजे:

- जुन्या सीआरएमचं ॲडमिन लॉगिन (नुसतं युजरचं नाही), ते कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या मोबाइलच्या ओटीपीवर आहे ते. आमचं सोडून गेलेल्या पोराच्या नंबरवर होतं
- जुन्या कंपनीसोबतचा करार किंवा बिल, त्यावर वर्गणी कधी संपते ती तारीख
- टॅलीमधली सन्ड्री डेटर्सची (ज्यांच्याकडे आपलं येणं आहे त्यांची) यादी, एक्सेलमध्ये (टॅलीप्राइमला ऑल्ट ई दाबलं की एक्स्पोर्ट)
- सेल्समन लोकांच्या डायऱ्या आणि त्यांच्या फोनमधले कॉन्टॅक्ट
- जीएसटी नंबर असलेल्या सब-डीलरची यादी
- एसएमएस पाठवत असाल तर डीएलटीचं (धंद्याच्या एसएमएससाठी लागणारी नोंदणी) लॉगिन, एन्टिटी आयडी (आपला नोंदणी नंबर), हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मंजूर टेम्प्लेटची (ठरलेल्या मजकुराची) यादी
- एक बरा कॉम्प्युटर आणि खरं एक्सेल, मोबाइलवर हे काम होत नाही
- एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क, फक्त बॅकअपसाठी, दुसरं काही टाकायचं नाही
- आणि तुमच्या दुकानातला आबा. प्रत्येक दुकानात असतो एक. त्याला रोज दोन तास मोकळा ठेवा

४. जुन्यातून सगळं बाहेर काढा, नुसती नावं नाही

एक्स्पोर्ट बटण दाबलं की एक सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) येते आणि माणसाला वाटतं झालं. त्या फाइलमध्ये फक्त कॉन्टॅक्ट असतात. कोटेशन वेगळे, फॉलोअपच्या नोंदी वेगळ्या, कॉलचा इतिहास वेगळा, आणि जोडलेल्या फाइली, म्हणजे बागेचा फोटो, कोटेशनची पीडीएफ, या तर बहुतेक वेळा सीएसव्हीत येतच नाहीत, त्यांचा वेगळा बॅकअप मागावा लागतो. एकेक मॉड्युल उघडून एकेक फाइल काढा आणि प्रत्येकात किती ओळी आल्या ते वहीत लिहून ठेवा, हा आकडा पुढं लागणार आहे.

प्रत्येक फाइलमध्ये रेकॉर्ड आयडीचा कॉलम आला पाहिजे. तो लांबलचक विचित्र नंबर बघून लोक डिलीट करतात. करू नका! कोणतं कोटेशन कोणत्या गिऱ्हाइकाचं हे फक्त त्यावरूनच कळतं.

आमच्या जुन्या कंपनीने (नाव घेत नाही) आधी पीडीएफ रिपोर्ट पाठवून दिला, ४०० पानांचा. मग म्हणाले एक्सेल पाहिजे तर मोठा प्लॅन घ्या. नऊ दिवस रोज फोन केला, शेवटी बिलाची अट वाचून दाखवली तेव्हा फाइल आली. म्हणून सांगतो, वर्गणी संपायच्या निदान दोन महिने आधी डेटा मागा आणि तो हातात पडून उघडून बघितल्याशिवाय सोडून चाललो असं कळू देऊ नका.

आलेल्या फाइली जशाच्या तशा पेनड्राइव्हवर टाका, फोल्डरला नाव द्या "मूळ, हात लावू नये". काम कायम कॉपीवर.

५. यादी साफ करणं, पाच आठवडे इथं गेले

आता खरं काम. पहिल्याच दिवशी मी काय केलं, एक्सेलमध्ये नाव आणि गाव असे दोन कॉलम निवडले आणि रिमूव्ह डुप्लिकेट्स दाबलं. २११ ओळी गेल्या. मला वाटलं वा, अर्ध्या मिनिटात एवढी सफाई. आबा चहा घेऊन मागं उभे होते, चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, निंभोऱ्याचे आप्पा पाटील एकच राहिले की इथं?" म्हटलं हो, तीनदा होते, दोन काढले. म्हणाले, "अरे ते तीन माणसं आहेत. एक स्टेशनजवळचे, त्यांची साडेसात एचपीची मोटर. दुसरे त्यांचेच चुलतभाऊ, त्यांच्याकडे आपले ३८ हजार आहेत. आणि तिसरे या निंभोऱ्याचे नाहीतच, ते भुसावळकडच्या निंभोऱ्याचे."

मी कंट्रोल झेड दाबलं आणि त्या दिवसापासून आबांची खुर्ची माझ्या शेजारी आली. ३८ हजाराची उधारी ज्यांनी सगळं रोख चुकवलं त्यांच्या नावावर चढली असती आणि रिकव्हरीवाल्या पोराने त्यांना फोन लावला असता. त्यानंतर तो माणूस आपल्या दुकानात परत पाय ठेवतो का हो?

खानदेशात निम्मं गाव पाटील, उरलेलं चौधरी आणि महाजन. त्यात कागदावर नाव एक आणि हाक वेगळी, आप्पा, नाना, तात्या, बापू. त्यात पिंप्री, वडगाव, चिंचोली अशी गावं तालुक्या-तालुक्याला, वर बुद्रुक आणि खुर्द. म्हणून आम्ही असे नियम केले:

मोबाइल नंबर ही ओळख. नाव आणि गाव दोन्ही जुळलं तरी नंबर वेगळा असेल तर माणूस वेगळा धरायचा, जोपर्यंत आबा किंवा सेल्समन सांगत नाही तोपर्यंत. आणि उलटंपण असतं, एकाच नंबरवर बाप, काका आणि मुलगा अशी तीन खाती. त्यासाठी "फोन कोणाचा" असा वेगळा कॉलम केला, त्यात "मुलगा, पुण्याला" असं साधं लिहिलं. सेल्समनला फोन लावायच्या आधी कळतं की उचलणारा शेतावर नाहीये.

नावाचे चार तुकडे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि "हाक". हाकेचा कॉलम सगळ्यात जास्त वापरात येतो हे आम्हाला नंतर कळलं, कारण काउंटरवर सर्च करताना सगळे "बापू" टाइप करतात.

गावाला तालुका जोडलेलाच पाहिजे. गाव हातानं टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. सावदा, सावदे, सावदा बुद्रुक असं सहा प्रकारे लिहिलेलं आमच्याकडे सापडलं. पिनकोड असेल तर टाका, जळगाव शहर ४२५००१, भुसावळ ४२५२०१, धुळे ४२४००१, त्यानं गाव पक्कं होतं.

मराठी की इंग्रजी, एकच ठरवा. आमच्याकडे अर्धी नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, तीपण चौधरीची चार प्रकारची, आणि अर्धी मराठीत. आम्ही मुख्य नाव मराठीत घेतलं आणि बिलावरचं इंग्रजी नाव वेगळ्या कॉलममध्ये. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती नवीन सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा.

आता एक्सेलचे सापळे, हे नीट वाचा कारण इथं डेटा गुपचूप मरतो.

मोबाइलच्या पुढं ९१ असेल तर तो १२ आकडी होतो, आणि एवढा मोठा आकडा दिसला की एक्सेल त्याला ९.१९ई+११ असं दाखवतं. फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच सेव्ह होतं, म्हणजे सगळ्यांचे नंबर कायमचे गेले. सीएसव्हीवर डबल क्लिक करूच नका. कोरं एक्सेल उघडा, डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा. मग ट्रिम फॉर्म्युल्याने पुढची-मागची स्पेस काढा, लेनने १० (९१ सकट १२) भरतात का ते मोजा, आणि मग राइटने शेवटचे १० आकडे घ्या. आमच्याकडे १७० नंबर ९ किंवा ११ आकडी निघाले, ते सेल्समनच्या डायरीतून भरले.

तारीख. ०५/०६ म्हणजे आपल्याला ५ जून, पण अमेरिकन सेटिंगच्या सॉफ्टवेअरला ६ मे. आणि वाईट असं की २५/०६ आलं तर ते एरर देतं, पण ०५/०६ निमूट चुकीचं घेतं, म्हणजे बाराव्या दिवसापर्यंतच्या सगळ्या तारखा उलट्या आणि पुढच्या अडकलेल्या. सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करून घ्या, २०२५-०६-०५, मग गोंधळाला जागा नाही.

सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय येतो तोच निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

सब-डीलरचे जीएसटी नंबरपण तपासून घ्या, १५ अक्षरं पाहिजेत, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, बऱ्हाणपूरकडचा म्हणजे मध्य प्रदेशचा २३, गुजरातचा २४. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकलेला हमखास सापडतो.

आणि काही नोंदी सोबत न्यायच्याच नाहीत. पाच वर्षांपूर्वी एकदा भाव विचारून गेलेला, नंबर बंद, बाकी काही नाही, अशा ६०० ओळी आम्ही वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दिल्या. बंद झालेला नंबर कंपनी पुढं दुसऱ्याच माणसाला देते, आपण त्याला ड्रिपचे मेसेज करत बसतो.

६. आधार आणि पासबुक सीआरएममध्ये टाकू नका

ठिबक अनुदानाच्या फाइली करणाऱ्या दुकानांसाठी हा वेगळा मुद्दा लिहितो. महाडीबीटीच्या (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्जाच्या वेळी सातबारा, आधार, बँक पासबुक असे कागद शेतकरी विश्वासानं आपल्या हातात देतो. जुन्या सीआरएममध्ये आमच्या पोरांनी हे सगळे फोटो नोट्समध्ये चिकटवलेले होते, सहाही सेल्समनच्या मोबाइलवर दिसत होते. नवीन ठिकाणी आम्ही फक्त "कागद जमा झाले, हो की नाही" एवढाच कॉलम ठेवला आणि कागद एका कुलपाच्या फोल्डरमध्ये, तिथं दोघांनाच परवानगी. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ आलाय, डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. दंडाचं जाऊ द्या, गावात एकाच्या खात्यातून पैसे गेले आणि कागद आपल्या दुकानातून फुटला असं निघालं तर आपण तोंड कुठं दाखवणार.

७. कोणता कॉलम कुठं जाणार, आणि धंद्याचे टप्पे

एक साधा तक्ता करा, डावीकडे जुन्या कॉलमचं नाव, उजवीकडे नवीन. यात तीन कॉलम स्वतः तयार करून घ्या, ते तयार मिळत नाहीत:

"जुना आयडी", म्हणजे ते लांबलचक नंबर. पुढं काही गडबड झाली तर याच धाग्यानं सगळं परत जुळवता येतं.

"मूळ तारीख". इम्पोर्ट केलं की नवीन सॉफ्टवेअर सगळ्यांना आजच्या तारखेचं गिऱ्हाईक समजतं, १५ वर्षांचं जुनं गिऱ्हाईकसुद्धा आजचं नवीन.

"टॅलीतलं नाव". टॅलीमध्ये लेजरचं (खात्याचं) जे नाव आहे तेच, स्पेससकट. बाकी रक्कम सीआरएममध्ये हातानं भरू नका, दोन ठिकाणी दोन आकडे झाले की भांडणं. बाकी टॅलीतच बघायची.

टप्प्यांचं थोडं जास्त सांगतो. जुन्यात हॉट, वॉर्म, कोल्ड असं होतं, त्याचा अर्थ प्रत्येक सेल्समनचा वेगळा. आम्ही अनुदानाच्या कामाचे खरे टप्पे टाकले: ऑनलाइन अर्ज, निवड, कागद अपलोड, पूर्वसंमती, संच बसवला, बिल अपलोड, मोका तपासणी (शेतावर येऊन), अनुदान खात्यात. रोखीच्या गिऱ्हाइकाला वेगळी लाइन: चौकशी, शेत बघितलं, कोटेशन, माल गेला. हे टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात दिसलं की १४ फाइली "बिल अपलोड"वर अडकून पडल्यात आणि कोणाला पत्ता नाही. फक्त यासाठी केलेला सगळा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

८. ऑटोमेशन बंद करा, मग थोडीच नोंद चढवून बघा

हे वाक्य भिंतीवर लावा: इम्पोर्टच्या आधी सगळे ऑटोमॅटिक मेसेज, ईमेल, वर्कफ्लो बंद. आम्ही ट्रायलला ५० ओळी चढवल्या आणि "आमच्या परिवारात स्वागत" हा तयार मेसेज चालूच राहिलेला, ५० जुन्या गिऱ्हाइकांना गेला. त्यातले एकजण ३० वर्षांपासूनचे, वडिलांच्या वेळचे. त्यांनी फोन करून विचारलं, "काय रे भो, आता ओळख दाखवायला लागले का?" त्यांच्याकडे स्वतः जाऊन आलो. ४,३०० ला गेला असता तर किती घरी जाणार होतो?

ट्रायलच्या ५० ओळी नुसत्या वरच्या ५० घेऊ नका, अवघड अवघड निवडा. तीन आप्पा पाटील, एक नंबर तीन खाती, जोडाक्षरांचं नाव, बऱ्हाणपूरचा डीलर, दोन दुकानांशी व्यवहार असलेला, ७ तारखेचं आणि २७ तारखेचं कोटेशन. चढल्यावर प्रत्येक ओळ उघडून बघा, चुका तक्त्यात दुरुस्त करा, त्या ५० डिलीट करून परत चढवा. आम्ही हे चार वेळा केलं.

९. खरा इम्पोर्ट, क्रम चुकवू नका

१. आधी युजर, म्हणजे सेल्समन. सोडून गेलेल्यांच्या नावावरची गिऱ्हाइकं आधीच कोणाला तरी वाटून द्या, नाहीतर ती सगळी ॲडमिनच्या डोक्यावर येतात

२. फर्म आणि सब-डीलर

३. माणसं, शेतकरी

४. कोटेशन आणि चालू कामं, जुन्या आयडीवरून माणसाला जोडून

५. नोट्स आणि फॉलोअप

६. शेवटी फाइली आणि फोटो

आधी कोटेशन चढवलं आणि माणूसच आत नसेल तर ते लोंबकळत राहतं. सेल्सफोर्सच्या साध्या इम्पोर्ट विझार्डला एका वेळी ५०,००० नोंदींची मर्यादा आहे, आपल्यासारख्यांना ती पुरते, पण तरी मी हजार-हजारच्याच फाइली केल्या, अडकलं तर शोधायला सोपं. दुकान बंद झाल्यावर करा आणि त्या संध्याकाळपासून जुन्यात नवीन नोंद बंद, वहीत लिहा, सकाळी नवीनमध्ये टाका.

१०. मोजून घ्या

पायरी ४ मध्ये वहीत लिहिलेले आकडे काढा. जुन्यात एवढे, सोडून दिलेले एवढे, एकत्र केलेले एवढे, मग नवीनमध्ये एवढेच पाहिजेत. एकसुद्धा कमी-जास्त असेल तर कारण सापडेपर्यंत पुढं जायचं नाही. चालू कोटेशनच्या रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळली पाहिजे. मग प्रत्येक सेल्समनला त्याची स्वतःची १० गिऱ्हाइकं उघडायला लावा, तो दोन मिनिटात चूक सांगतो, आपल्याला दिसत नाही ती.

११. मेसेज आणि चौकशा कुठून येतात ते वळवा

धंद्याचे एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी लागते हे माहीत असेल. हेडर आणि टेम्प्लेट आपल्या नावावर असतात, ते सॉफ्टवेअर बदललं तरी राहतात, पण एसएमएस पाठवणारी कंपनी बदलली तर डीएलटी पोर्टलवर जाऊन तिच्याशी पीई-टीएम चेन (आपण आणि मेसेज पाठवणारी कंपनी यांची साखळी) नव्यानं जोडावी लागते. नाही जोडली तर मेसेज जातच नाहीत, आणि आपल्याला वाटतं गेले. टेम्प्लेटमधला एक शब्द किंवा स्वल्पविराम जरी बदलला तरी अडकतो, कॉपी-पेस्टच करा.

इंडियामार्ट, फेसबुकचे फॉर्म, वेबसाइटचा फॉर्म, यातलं काही जुन्याला जोडलेलं असेल तर तिथं जाऊन नवीनला जोडा आणि स्वतःच एक खोटी चौकशी टाकून ती कुठं उतरते ते बघा. आमच्या वेबसाइटचा फॉर्म ११ दिवस जुन्यातच पडत होता, १९ चौकशा, त्यातल्या निम्म्यांनी तोपर्यंत दुसरीकडून माल घेतलेला.

१२. माणसांना शिकवणं

एका दिवसात तीन तासाचं ट्रेनिंग देऊन काही होत नाही, पोरं मान हलवतात आणि परत डायरी काढतात. आम्ही रोज सकाळी १५ मिनिटं, एक दिवस एकच काम. सोमवारी फक्त गिऱ्हाईक शोधणं, मंगळवारी फॉलोअपची तारीख टाकणं, बुधवारी शेतावरचा फोटो चढवणं. पहिले दोन आठवडे मी स्वतः प्रत्येक प्रश्न फोनवर "सीआरएममध्ये काय लिहिलंय?" असं विचारूनच पुढं बोलायचो, आणि लिहिलेलं नसेल तर आधी लिहायला लावायचो. रागवायचो नाही, पण सोडायचोपण नाही. फॉर्ममध्ये भरायलाच लागतील असे कॉलम पाचच ठेवा, २० ठेवले तर पोरं सगळीकडे टिंब टाकून पुढं जातात.

आबांना मी टाइप करायला लावलं नाही. एक नवीन मुलगी ठेवली, ती आबांच्या शेजारी बसते, गिऱ्हाईक उठून गेलं की आबा बोलतात आणि ती लिहिते. "यांच्या बोरचं पाणी खारं आहे, डिस्क फिल्टर पाहिजे", "यांना सकाळी फोन करू नका, दूध काढत असतात", असं. २२ वर्षांत कधी कागदावर आलं नव्हतं ते आता येतंय.

१३. जुनं एकदम बंद करू नका

निदान एक महिना दोन्ही चालू ठेवा, जुनं फक्त बघण्यासाठी, सगळ्यांची लिहायची परवानगी काढून. बिलं जुन्या सॉफ्टवेअरमधून काढत असाल तर ती सगळी उतरवून घ्या, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. बंद करायच्या दिवशी शेवटचा एक पूर्ण बॅकअप, वर्गणीचं ऑटो-पेमेंट बँकेतून बंद, सेल्समनच्या फोनमधून जुनं ॲप काढून टाकणं, आणि जुन्या कंपनीकडून आमचा डेटा तुमच्या सर्व्हरवरून पुसला असं ईमेलवर लिहून घेणं. आमच्याकडं ते ईमेल तिसऱ्या आठवणीला आलं, प्रिंट काढून करारासोबत फाइलला लावलंय.